तट्टू आणि खोडलेली ओळ

धानोरा, ता. २०-२-५६

ती. गुणवंतभाऊंच्या पायी मनसारामचा सा. न. वि. वि.

इकडे आम्ही दोघे सुखरूप. ठेकेदाराने हिरडा-डिंक गोळा करायची आणखी चार गावं माझ्याकडे दिली. आता सात झाली आणि पायी पुरी होत नाहीत. जमत नसेल तर दुसरा मुनशी पाहतो, असं तो म्हणाला. म्हणून मार्कंड्याच्या जत्रेत एक लहान तट्टू घ्यावं असं प्रेमिलाच्या नि माझ्या मनात आहे.

आपल्या घराण्यात कुणी घोडं घेतलं नाही. तुम्ही मात्र वीस वर्षं मालगुजारांच्या तबेल्यात काढली. काय पाहावं, काय टाळावं, सगळं लिहा.

तुमच्या मायेतला,
मनसाराम

डोंगरगाव, ता. २७-२-५६

चि. मनसाराम यास भावाचे अ. आ.

पत्र वाचून आधी हसू आलं. गावातल्या सोमाजीच्या बकरीला भिऊन कवेलूच्या छपरावर चढणारा तू, आता घोडेवाला होणार. तुझी वहिनी रंभा म्हणाली, गूळ वाटा. मी वाटला नाही.

ऐक. दात पाहिल्याशिवाय वयावर विश्वास ठेवू नको; विकणारा प्रत्येक तट्टू पाचच वर्षांचं असल्याचं सांगतो. चारही पाय उचलून बघ, उचलू देत नसेल तर सोडून ये. कडक जमिनीवर चालव. दर पावलाला मान खाली जात असेल तर पाय दुखतो आहे. आधी विकणाऱ्याला बसायला सांग. तो टाळाटाळ करू लागला तर तूही बसू नको. धावून आलेल्या तट्टूला लगेच पोटभर पाणी पाजू नको. रोज खरारा कर, अंग घासून काढ. एकटं बांधू नको, जवळ एखादी बकरी ठेव. तू बकरीला भितोस हे त्याला कळू देऊ नको.

(इथे एक ओळ गिचमिड खोडलेली.)

खरं सांगू? वीस वर्षं मी दुसऱ्याच्या घोड्यावर खोगीर कसलं, एकदाही बसलो नाही. नोकराने बसायचं नाही अशी ताकीद होती. मालगुजारी गेली, मालकांनी घोडा विकला, माझ्या हाती खरारा तेवढा राहिला. आणि घोडं येणार तुझ्या दारी. माझ्या पोटात दुखतं, मनसाराम. धाकट्याचं बरं पाहून दुखू नये हे मला कळतं, तरी दुखतं.

थोरला समजून पोटात घाल,
गुणवंत

धानोरा, ता. १२-४-५६

ती. भाऊंस मनसारामचा सा. न. वि. वि.

तुम्ही लिहिलं तसं पाहून बदामी तट्टू घेतलं. दात, पाय, चाल, सगळं चोख. सातही गावं वेळेवर होऊ लागली, ठेकेदार खूश झाला.

मग मोहाची फुलं पडू लागली. पहिली फुलं प्रेमिलाने देवाला ठेवली आणि उरलेली टोपली, बैलांना देतो तशी, कौतुकाने तट्टूपुढे ओतली. दुपारी त्याने अंग टाकलं. लोळू लागलं, वळून वळून पोटाकडे पाहू लागलं. शेजारचा पोचू धावत आला. म्हणाला, "हे काय बैल होय? मोह काऊन चारला? याले ओकता येत नाई." त्याने तट्टू उठवलं, पोट चोळलं आणि दिवस मावळेपर्यंत चालवलं. शेवटी तट्टूने लीद केली तेव्हा प्रेमिलाला रडू आलं.

तट्टू वाचलं. मी म्हटलं, भाऊंना सगळं ठाऊक, नेमकं हेच कसं लिहायचं राहिलं? तिने तुमचं पत्र काढून उन्हासमोर धरलं. खोडलेली ओळ वाचता आली. मोह चारू नको, घोड्याला ओकता येत नाही.

मी काही विचारत नाही. तट्टू आता चालतं, पण अंगात बळ नाही. पोचूबरोबर तुमच्याकडे पाठवतो, तुमच्या हातचा खरारा त्याला हवा. तोवर मी पायी फिरेन. आठ दिवसांहून जास्त ठेकेदार थांबणार नाही. येताना त्याच्यावर बसून या.

तुमचाच,
मनसाराम

डोंगरगाव, ता. १७-४-५६

चि. मनसाराम व सौ. प्रेमिला यांस, तोंड नाही तरी आशीर्वाद.

ती ओळ मी लिहिली होती. शाई वाळण्याआधी खोडली. तट्टू मरावं असं मनात नव्हतं. तुझं काहीतरी चुकावं आणि तू माझ्याकडे धावत यावंस, एवढंच होतं. एवढंच म्हणतो, पण मुका जीव गेला असता आणि तुझी नोकरीही. प्रेमिलाला सांग, तिचा दोष नाही.

पोचूने तट्टू सुखरूप आणलं. खरारा नि चाऱ्याने ते सावरलं. काल तळ्याच्या पाळीवर नेलं आणि कुणी नाही असं पाहून बसलो. ते इतकं ठेंगणं की माझे पाय जवळजवळ जमिनीला टेकत होते. रंभाने पाहिलंच, पदर तोंडाला लावून हसली. मी उतरलो नाही. पाळीवर तीन फेऱ्या मारल्या.

आठव्या दिवशी त्याच्यावर बसून तुझ्या दारी येतो. परत द्यायचं जिवावर आलं आहे. ही ओळ खोडत नाही.

माया उरली असेल तेवढी राहू दे,
गुणवंत