घर माझं, जजबाईही माझ्याच

१२ मार्च
आज कोर्टात घटस्फोटाच्या वाटणीवर तडजोडीची तारीख होती. मी आणि डेनिस, माझी बायको. म्हणजे होती ती. समोर जजबाई हॅलम. मी शर्यतीच्या कबुतरांचं सांगितलं. खुराडं परसात आहे, घर विकलं तर पाखरं जुन्याच छपरावर परतणार, दुसरीकडे टिकायची नाहीत. बाई हसल्या. म्हणाल्या, माझ्या मते घर क्लाइव्हला, म्हणजे मला, आणि त्यांची निम्मी पेन्शन डेनिसला, बघा पटतंय का. डेनिस लगेच तयार. माझ्या वकील मिस प्रॅट म्हणाल्या, सही करा आणि सुटा.
मी नाही म्हटलं. पहिल्याच भेटीत घर देतात, तर शेवटच्या सुनावणीला पेन्शनही सोडवतील. माणसं ओळखता येतात मला.

१३ मार्च
मिस प्रॅटचा फोन. तडजोडीला बसलेल्या जजना शेवटची सुनावणी घेता येत नाही म्हणे. दोघांच्या ऑफर त्यांच्या कानावर पडलेल्या असतात ना. शिवाय त्या दिवशीचं दुसऱ्या जजसमोर अवाक्षर काढायचं नाही. मी हो हो म्हटलं. नियम काय, सगळ्यांनाच सांगतात. आमचं जमलंय.

२ मे
झोप नाही. बाईंनी निळ्या टायकडे पाहिलं होतं. तोच इस्त्री करून ठेवला. काळजीचं कारण नाही.

३० जून
डेनिस मटण भरलेली पेस्ट्री घेऊन दारात. म्हणाली, अजूनही घर घे रे बाबा, मला निम्मी पेन्शन पुरे, हट्ट कशाला? मी म्हटलं, काय ते जजबाईंनाच विचार. गेली बिचारी. पेस्ट्री खाल्ली. रडू आलं. कांदा जास्त होता.

१५ सप्टेंबर, दुपारी
शेवटची सुनावणी. जजच्या खुर्चीत कोणी भलताच चष्मेवाला. विचारलं, हॅलमबाई रजेवर आहेत का? त्यांनी तर घर मलाच... मिस प्रॅटनी माझा कोट असा ओढला की बटण तुटलं. जज म्हणाले, पुढे एक शब्द नको, खाली बसा. पाखरांचं ऐकून घेतलं. हसले नाहीत. घर विका, पैसे वाटून घ्या, पेन्शनही निम्मी.

संध्याकाळी
खुराड्यापाशी बसलोय. पाखरांना अजून सांगितलेलं नाही. असलं काही सांगायचं तर मला जमत नाही. घरात ते नेहमी डेनिसच करायची.