यात माझा हात नाही

५ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. शिक्षणक्षेत्रात जे घडतं त्याची नोंद शिक्षक कधी करत नाहीत आणि मग श्रेय भलतेच लोक घेतात.

सौंसरच्या शाळेत अकरावीच्या मराठीला नवी पद्धत सुरू केली. कवितेचे प्रकार विद्यार्थीच विद्यार्थ्यांना शिकवतील. शिक्षक मागच्या बाकावर. पूर्ण मौन. कुणालला भुजंगप्रयात दिलं, हर्षलला हायकू, डिंपलला गझल आणि करुणाला मंदाक्रांता. मंदाक्रांता अवघड म्हणून अभ्यासू पोरीला दिलं. मला ते येत नाही असं नाही. थोडं राहिलं आहे.

प्राचार्या गायत्री मॅडम ६ फेब्रुवारीला वर्ग बघायला येणार. पसंत पडला तर पुढच्या वर्षीही मराठीचा पीरियड आणि मी, दोघंही शाळेत. नाही तर पीरियड कम्प्युटरला, आणि मी पांढुर्ण्यात घरी बसून, पेपरचा वार्ताहर म्हणून नुसते संत्र्याचे भाव पाठवायला मोकळा.

संकल्प: काहीही झालं तरी मधे बोलायचं नाही.

७ जानेवारी, बुधवार

कुणालनं उत्तम सुरुवात केली. लघु म्हणजे आखूड अक्षर, गुरु म्हणजे लांब. आखूड-लांब-लांब असं चारदा केलं की भुजंगप्रयात, म्हणजे सापाची चाल. साप कसा चालतो तेही करून दाखवलं. मग स्वतःची ओळ म्हटली: ‘इथला संतरा रे किती गोड लागे.’

‘थ’वर चूक. तिथं लांब अक्षर हवं. मी ओठ घट्ट मिटून बसलो. आणि त्याच क्षणी खोलीत आवाज झाला. खुट, धप, धप. ‘थ’च्या जागी तर असा धप् झाला की खडू पडला.

कुणाल थांबला. पुन्हा म्हणाला, ‘इथे संतरा रे.’ आवाज शांत झाला.

मी मागेच होतो, त्यामुळे मला फारच स्पष्ट ऐकू आला. सगळी पोरं वळून माझ्याकडे बघत होती. घाबरल्यावर मुलं मोठ्या माणसाकडे बघतात.

बसमध्ये आठवलं आणि अंगावर काटा आला. लघुला बोटाचं हाड, गुरूला तळहात. सावरगावचे यशवंतराव गुरुजी आम्हाला असंच शिकवायचे, पाटावर ठोकून. जगात दुसरं कोणी असं शिकवत नाही. आणि गुरुजी तर गेल्या नवरात्रात गेले.

८ जानेवारी

उजव्या हाताचं मधलं बोट दुखून राहिलं. थंडी. बाम लावला.

१२ जानेवारी, सोमवार

हर्षलचा हायकू. पाच, सात, पाच अक्षरं. त्यानं फळ्यावर लिहिलं:

बस निघाली
स्टँडवर राहिला
माझाच डबा

खरी घटना आहे, म्हणाला, म्हणून दुःख जास्त आहे. पोरांनी आपापले हायकू म्हटले. एकाच्या मधल्या ओळीत आठ अक्षरं झाली. आठव्यावर खुट.

आता कोणी घाबरलं नाही. उलट ज्याचं आठ झालं तो मागे बघून ‘सॉरी’ म्हणाला. भुताला सॉरी म्हणणारी ही पिढी. मी गंभीर चेहरा ठेवला.

सात नंबरची खोली तशी बरी नाही. एका खिडकीला मोडके बाक लावलेले, दुपारीही उजेड अर्धाच. मुख्य म्हणजे मी बसतो त्याच बाजूनं आवाज येतो. याचा अर्थ गुरुजी माझ्या अगदी जवळ उभे राहत असावेत. आज मान वळवायचा धीर झाला नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

सुट्टी. जेवताना बायको, सुचिता, म्हणाली की भूत आजकाल आपल्या घरी जेवायलाही येतं वाटतं, ताट वाजतं. मी विचारलं, तुलाही ऐकू येतं? ती म्हणाली, “कालपासून नाही, महिन्याभरापासून ऐकून राहिली. पोळी वाढू का?”

म्हणजे ते घरापर्यंत आलेले आहेत. तिला भीती कशी वाटत नाही कळत नाही. स्त्रियांची श्रद्धा मोठी.

१६ जानेवारी, शुक्रवार

परतीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरचा माणूस दोनदा वळून बघत होता. तिसऱ्यांदा म्हणाला, “काका, पाठीत वाजवून राहिले तुम्ही.” मी दिलगिरी व्यक्त केली. सौंसर-पांढुर्णा रस्ता इतका खराब आहे की हातपाय आपोआप आपटतात.

१९ जानेवारी, सोमवार

सौंसरभर झालं की सात नंबरात भूत आहे. हिमानीनं मराठी सोडून हिंदी घेतलं. गायत्री मॅडमनी बोलावलं आणि म्हणाल्या की अजून दोन पोरं गेली तर ६ तारखेला बघायला काही उरणार नाही.

दुपारी करुणाचे वडील तुळशीराम आले. नगरपालिकेत आहेत. मला वाटलं तेही नाव काढायला आले. तसं नव्हतं. म्हणाले, “भूत-बित आम्ही मानत नाही सर, आमच्या घरात चालत नाही ते. पण पोरगी जेवताना टेबल ठोकते अन् म्हणते वृत्त बसवून राहिली. मंग म्हटलं, पाहून तरी येऊ.” मी त्यांना बसवून सांगितलं की काही गोष्टी तर्कापलीकडच्या असतात. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “भूत नसलं तर मानूस असल सर. जरा जवळपास पाहा.”

सज्जन गृहस्थ. पण अशा विषयात नुसता सज्जनपणा पुरत नाही.

२३ जानेवारी, वसंत पंचमी

डिंपलची गझल. यमक कुठं, पुन्हा येणारा शब्द कुठं, सगळं झकास समजावलं. पोरं वाहवा करून राहिली. पण ठोका एकही नाही. तास संपल्यावर डिंपल माझ्याकडे आली, रडवेली. “सर, माह्याच टायमाले काहून नाही वाजलं? माहं एवढं खराब होतं का?”

मी म्हटलं, अगं, ते काय माझ्या हातात आहे? गुरुजींना गझलेचं कधीच जमलं नाही. शब्द चांगले असले तरी चाल ऐकून ते पान खायला उठत.

डिंपल म्हणाली, “मंग तुमीच काही तरी म्हना ना.” मी मौनाची आठवण करून दिली. ती “बरं” म्हणून गेली, पण नाराजच.

सरस्वतीपूजनाचा नारळ त्याच खोलीत फोडला. थोडा गुरुजींच्या नावानं बाकाच्या कोपऱ्यात ठेवला. सोमवारी बघितलं पाहिजे राहतो का.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला गेलो तेव्हा पाहिलं, नारळ नव्हता. हर्षलच्या तोंडाला खोबऱ्याचा वास येत होता. तरी निष्कर्ष काढायची घाई नको.

२८ जानेवारी, बुधवार

आजची नोंद नीट लिहिली पाहिजे.

करुणाची रंगीत तालीम होती. मंदाक्रांता म्हणजे दबकत चालणारी. चार लांब पावलं, थांबायचं. मग पाच चिमुकली आणि एक लांब, थांबायचं. मग उरलेली सात डुलत. पोरगी हे सांगताना वर्गात खरोखर चालली. मग स्वतःची ओळ:

जामेच्या काठी अजून फिरते कोण हे हाक देते

खोली गार झाली. जाम नदी, पलीकडे सावरगाव. ही ओळ तिला सुचली कुठून? विचारणार होतो. मौन.

आणि ठोके सुरू झाले. ‘जामेच्या’ला थांबवलं. तिनं ‘जामेकाठी’ केलं. ‘अजून’च्या ‘जू’वर नुसतं खुट. ती म्हणाली, ‘अजुन’? धप. मग ओळ सबंध चालली: जामेकाठी, अजुन फिरते, कोण हे हाक देते. प्रत्येक थांब्याला ठोकाही थांबला, श्वास घेतल्यासारखा.

मला मात्र थांबे पाच-पाच-सात वाटत होते. करुणानं पुस्तक उघडून दाखवलं. चार-सहा-सात. पुस्तक आणि ठोका एकमतानं, आणि मी वेगळा.

इथंच मला घाम फुटला. कारण मंदाक्रांता मला येत नाही. गेल्या पोळ्याच्या आधी गुरुजींनी निरोप पाठवला होता, तुझी मंदाक्रांता राहिली, येऊन जा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगावला गेलोच होतो. पण गोटमार होती, दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारायची जत्रा; बातमी वेळेत पाठवायची होती, पुलावर ही गर्दी. त्यांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. पण हाकेला जायला रस्ता मोकळा लागतो. वार्ताहराची नोकरी ही अशी. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं. मग नवरात्र आलं.

तेव्हा खोलीत जे कोणी वाजवतं ते मी असणं शक्यच नाही. हे आज सिद्ध झालं.

करुणा हळूच म्हणाली, “सर, तुमचा हात.” माझ्या हातातलं घड्याळ बघत असावी. तास संपत आला होता.

२ फेब्रुवारी, सोमवार

बोट सुजलं. सुचितानं हळदीचा लेप करून कापूस लावून मोठी पट्टी बांधली. पांढुर्ण्याचा कापूस, बांधताना कंजूषपणा नाही. हात गाठोड्यासारखा दिसून राहिला. म्हणाली, “आता बसू द्या त्याले आठ दिवस.” कोणाला, ते बोलली नाही.

शाळेत दिवसभर शांतता. गुरुजी रुसले की काय?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पाहणी झाली. देदीप्यमान यश. क्रमानं लिहितो.

गायत्री मॅडम माझ्या शेजारी बसल्या. करुणा उभी राहिली. चालून दाखवलं, छान. मग ओळ म्हटली आणि नेमकी जुनी चूक केली, ‘अजून’. आठ दिवस बरोबर म्हणणारी मुलगी! थांबली. सगळा वर्ग थांबला. काही नाही. तिनं पुन्हा ‘अजूऽन’ म्हटलं, जू चांगला ताणून, सरळ माझ्याकडे बघत. काही नाही. तिसऱ्यांदा तर अशी ताणली की मॅडमनी मान वर केली. माझा हात मांडीवर गाठोड्यात होता आणि आतून दुखून राहिला होता, का कोण जाणे.

कुणाल दबक्या आवाजात म्हणाला, “गुरुजी आज सुट्टीवर हायत का?”

शेवटी करुणानं स्वतःच ‘अजुन’ केलं, ओळ पूर्ण केली. टाळ्या.

मॅडम खूश. विचारलं, यात तुमचं काम नेमकं काय? मी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मॅडम, यात माझा काडीचाही हात नाही. वर्गात एकदम हसू फुटलं. करुणा उठली, “मॅडम, हातच तर हाय सरचा, विचारा कोनालेही...” मी तिला खाली बसवलं. विद्यार्थ्यांनी गुरूला श्रेय देणं हे संस्कार आहेत, पण शिक्षकानं ते घेऊ नये. ती बसली, पण वहीत तोंड घालून. तिच्या डोळ्यांत पाणी का आलं?

आनंदाचं असावं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमचा निर्णय. मराठीचा पीरियड राहणार. पद्धत इतकी पसंत पडली की पुढच्या वर्षीपासून पोरंच शिकवतील, कम्प्युटरचे सर नजर ठेवतील. माझ्याबद्दल म्हणाल्या की तुम्हीच सांगितलं, तुमचा हात नाही. मग तुम्हाला पांढुर्ण्याहून कशाला दगदग? या वर्षाचं उरलेलंही तेच बघून घेतील.

तत्त्वतः हा माझा विजय आहे.

११ फेब्रुवारी

पट्टी सोडली. टेबलावर ठरवून मंदाक्रांता वाजवून पाहिली. चार ठोके ठीक, पुढं सगळा चिखल. तीनदा केली. मग भुजंगप्रयात वाजवलं, ते आलं. ते मला आधीपासून येतं.

जेवताना सुचितानं दोनदा ताटाकडे पाहिलं. घर फार शांत आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

सावरगावला गेलो. काही बातमी नव्हती. उगाच.

गुरुजींच्या घराला कुलूप. अंगणात पाचोळा. ओट्यावर बसलो. समोर नदीचं पात्र, चार बायका धुणं धुऊन राहिलेल्या. गोटमारीचा दिवस नसला की पुलावर काहीच नसतं, सायकल जाते फक्त. मी काहीच विचार करत नव्हतो.

शेजारच्या अंबाबाई दारात आल्या. म्हणाल्या, “नका वाजवू भाऊ. कोनी नाही तिथं.”

मी म्हटलं, मी दार वाजवलं नाही.

“दार नाही, ओटा. मले वाटलं गुरुजीच बसले. तेच तर वाजवत असं, थांबून थांबून.”

मी खाली पाहिलं.

नंतर हात खिशात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

करुणाचा फोन. म्हणाली, सर, पीरियड आम्हीच घेऊन राहिलो, मजा येते, पण चुकलं का बरोबर आलं ते समजतच नाही. कम्प्युटरच्या सरले विचारलं तर ते म्हणते गूगल करा. बुधवारी येता का? शिकवायचं नाही. मागच्या बाकावर बसायचं फक्त. मॅडमले मी विचारलं आहे.

मी म्हटलं, बघतो, सध्या कामं बरीच आहेत.

ती म्हणाली, “अन् पट्टी सोडून या.”

मी म्हटलं, येईन, पण करुणा, गुरुजी येतीलच असं काही मी सांगू शकत नाही.

“तुम्ही या, सर. ते येते.”

बुधवारची सकाळची बस विचारून ठेवली.