मुंगी सगळ्यांना आई म्हणते

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. लिहिण्यासारखं बरंच होतं, लिहावंसं वाटत नव्हतं, एवढंच.

मुलगी घरी येऊन पाच महिने झाले. पाच वर्षांची आहे, पण बालगृहातून आणली तेव्हा तीनची वाटायची. चालताना भिंत सोडत नाही, म्हणून ह्यांनी तिचं नाव मुंगी पाडलं. मुंगी जेवते, झोपते, सांगू ते करते. रडत मात्र नाही. परवा दारात बोट चेमटलं, नख काळंनिळं झालं. तिनं ते बोट खिशात घातलं आणि उभी राहिली.

ह्यांनी हौसेनं एक युक्ती काढली. 'आई' म्हटलं की बिस्कीट. दोन दिवसांत शिकली. आता गॅसवाल्याला आई म्हणते, खालच्या शिंपिणीला आई म्हणते आणि हात पुढे करते. हे हसून हसून बेजार झाले. मीही हसले, हसायचं असतं म्हणून.

शिवाय कुणाचंही बोट धरून चालायला लागते. मागे वळून बघत नाही.

तू होणाऱ्या शिक्षकांना हेच सगळं शिकवतेस ना? मग सांग. ३० मार्चला संस्थेच्या बाई शेवटच्या भेटीला येणार आहेत. ह्यांची सही झाली आहे; मी केली की ती कायमची आमची. नाही केली तर परत नेतील.

तुझी लहान बहीण,
छोटी

१२ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि आधी भावोजींच्या बिस्किटांना हात जोडले. त्यांना सांग, बक्षीस देऊन शब्द शिकवता येतो, त्यातलं माणूस शिकवता येत नाही. मुंगी शिकायचं तेच शिकली: हा आवाज काढला की खाऊ मिळतो.

लहान मूल एका माणसाला खुंटा करतं. त्याच्याभोवती हिंडतं, घाबरलं की तिथे परततं. खुंटा पक्का असला की ते लांबवर जायला धजतं. जे मूल पाच-सहा हातांतून गेलं, त्याच्या लेखी सगळेच सारखे होतात. रडून कुणी आलं नाही, तर मूल रडणं सोडून देतं. हा स्वभाव नव्हे, ही सवय आहे, आणि सवय बदलते. रोज त्याच वेळी तूच जेवू घाल, तूच झोपव. धीर धर.

तुझं चष्म्यांचं दुकान कसं चाललंय? माझ्या नव्या काचांतून पायऱ्या वर येताना दिसतात. धाकटी बहीण काचा घासते आणि थोरली धडपडते, असं लोक म्हणतील.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र म्हणजे परीक्षेच्या नोट्स वाटल्या. सगळं बरोबर होतं. पण मी विचारलं एक आणि तू उत्तर दिलंस दुसऱ्याचं. चूक माझीच, मी नीट विचारलं नव्हतं.

मुंगीला काही वाटत नाही, हे मी लिहिलं. मला काही वाटत नाही, हे लिहिलं नाही.

मी तिला न्हाऊ घालते, केस विंचरते, दूध गार करून देते. दुकानात काच चाकावर धरते तसंच. हात चालतात, लक्ष असतं, चूक होत नाही. मूल हवं म्हणून नऊ वर्षं मीच झुरले होते ना? आता ती मांडीवर बसली तर मी घड्याळ बघते. हे सगळ्या गल्लीला सांगतात की माझं तिच्यावाचून पान हलत नाही.

अशा बाईनं सही करावी का? आपली आई असती तर तिला विचारलं असतं. तिनं मला कसं तळहातावरच्या फोडासारखं जपलं!

छोटी

१ मार्च

चि. छोटीस,
अ. आ.

हे पत्र चारदा लिहून फाडलं. आईनं मला शपथ घातली होती. ती आता नाही, तेव्हा मोडते.

तू दीड वर्षाची असताना आईला क्षय झाला. अकरा महिने ती दवाखान्यात होती आणि तू मावशीकडे. ती घरी आली तेव्हा तू मावशीच्या पदरामागे लपलीस आणि विचारलंस, ही बाई कोण. मी नऊ वर्षांची होते, मला स्पष्ट आठवतं. आईनं पिशवी खाली ठेवली आणि सरळ चूल पेटवायला गेली.

माझ्या बाळंतपणात तिनं मला सांगितलं की त्यानंतर वर्षभर तिनं तुला नुसतं सांभाळलं. शेजारणीची पोर सांभाळावी तसं. आतून काही हलत नव्हतं. मी विचारलं, मग माया आली कधी. ती म्हणाली, ते तिलाही माहीत नाही. एकदा तुझी नखं कापताना लक्षात आलं की ती आलेली आहे, आणि येऊन बरेच दिवस झाले असावेत.

एवढी वर्षं मी वर्गात मुलाच्या बाजूनं शिकवत आले. आईच्या बाजूचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सही कर किंवा करू नकोस, मी तुझीच आहे.

ताई

३१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. आईचा राग येईल असं वाटलं होतं, तोही आला नाही.

काल बाई आल्या. मी त्यांना खरं ते सांगून टाकलं. हे खाली मान घालून बसले. बाईंनी विचारलं, ती जेवते का, झोपते का, कोण भरवतं, कोण झोपवतं. मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, कागद आज देते, नाहीतर तीन महिने थांबू. मी थांबू म्हटलं.

त्या निघाल्या. मुंगीनं नेहमीसारखं त्यांचं बोट धरलं आणि जिना उतरू लागली. मी दारात उभी. मधल्या वळणावर ती थांबली. वर पाहिलं. मग बोट सोडून परत वर आली, माझ्या चपला उचलून माझ्यासमोर ठेवल्या, उलट्यासुलट्या, आणि वाट बघत उभी राहिली. याला तुमच्या शास्त्रात काहीतरी नाव असेल. सांगू नकोस.

मी चपला घातल्या. बाईंना स्टॉपपर्यंत सोडलं आणि तिथेच बाकावर कागद मागून घेऊन सही केली. वाकडी आली.

आनंद झाला का, विचारू नकोस. अजून काही वाटत नाही. घरी आल्यावर मुंगी दाराशीच उभी राहिली आणि आता कुठे जायचं, असं विचारलं. मी म्हटलं, आता कुठेही जायचं नाही, इथेच राहायचं. तिला हे आजवर कुणी सांगितलं नसावं. तिनं माझ्याकडून ते तीनदा वदवून घेतलं.

लोभ आहे तो आता तिघांवर वाटून दे.
छोटी