येणाऱ्या गिऱ्हाईकाचं घर

३ जून, मंगळवार

भिंती पाडायच्या! उल्हासने चहा ढवळता ढवळता जाहीर केलं. स्वयंपाकघर, फॅमिली रूम आणि डायनिंग रूम, तिन्हींच्या मधलं सगळं काढून एक सलग हॉल. मध्ये एक आयलंड, म्हणजे चारी बाजूंनी मोकळा ओटा. "रीसेलला ओपन प्लॅनच लागतो, सुहास." म्हणजे बेटावर उभी राहून मी पोळ्या लाटायच्या आणि आलेल्या-गेलेल्याने बघायच्या.

आणि माझी खोली? वर्षभर एकच मागते आहे — डायनिंग रूमची निजायची खोली करा, शेजारच्या छोट्या बाथरूममध्ये शॉवर बसवा. उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना सोफ्यावर काढला. अंघोळ म्हणजे बेसिनपाशी उभं राहून ओला टॉवेल! डाव्याचं ऑपरेशन नोव्हेंबरात आहे, आणि जिना काही तोवर विरघळणार नाही.

दोन्ही एकाच जागेत बसत नाही. एक तर हॉल, नाहीतर मी.

५ जून, गुरुवार

आमच्या घरात तिघं राहतात. मी, उल्हास आणि गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक म्हणजे हे घर पुढे कधीतरी विकत घेणारं माणूस. त्याला आम्ही पाहिलेलं नाही. पण वेस्ट विंडसरला राहायला आलो त्या दिवसापासून इथे राज्य त्याचंच. भिंतीत खिळा मारायचा नाही — गिऱ्हाईकाला भोकं दिसतील. आईने कापडावर भरलेला मोर नागपूरहून मांडीवर घेऊन आणला, तो फ्रेमसकट पलंगाखाली चादरीत गुंडाळून पडलाय. एकदा चिकटवायच्या हुकावर लावला होता. पडला, काच तडकली. उल्हास आधी भिंत बघायला धावला!

फोडणी गॅरेजमध्ये. वांगं भाजायचं गॅरेजमध्ये. दिवाळीत ओव्हरकोट घालून चकल्या तळणारी बाई कुणाला बघायची असेल तर मी आहे. वरच्या टबात आजतागायत कुणी डुंबलेलं नाही, त्यात इंडियाच्या बॅगा असतात. पण टब काढायचा नाही. गिऱ्हाईकाला लहान मुलं असली तर?

८ जून, रविवार

उल्हास फोनवर वास्तुशास्त्र वाचताना सापडला! जन्मभर पूल बांधले, आरतीला हात मागे बांधून उभा राहणारा माणूस. म्हणतो, "मी कुठे मानतो? पण घेणारा मानत असला तर?"

पूर्वी आमचं गिऱ्हाईक गोरं होतं. म्हणून घरात लसणाचा वास चालत नसे. आता या भागात आपलीच माणसं घरं घेतात, तेव्हा गिऱ्हाईकही आपलं झालं. त्याला आग्नेयेला शेगडी लागते म्हणे. मी म्हटलं, आपलंच आहे तर मला आत फोडणी घालू दे. तर तेवढ्यापुरतं ते परत गोरं झालं.

९ जून

मागच्या रस्त्यावरचं घर पाडलं. सकाळी फिरायला गेले तेव्हा होतं, संध्याकाळी नाही. उल्हास म्हणतो, वाळवी लागली असणार.

१४ जून, शनिवार

ग्रेग, आमचा कॉन्ट्रॅक्टर, ओट्याचे नमुने ठेवून गेला. सगळे पांढरे! मी प्रत्येकावर ओल्या हळदीचा ठिपका दिला आणि झाकून ठेवले. पॅथॉलॉजीत आयुष्य गेलं, स्लाइडी रंगवून रंगवून बोटं पिवळी-जांभळी झाली. डागाचं मला कुणी शिकवू नये. जेवणं होईपर्यंत सगळे नमुने पिवळे. उल्हास म्हणाला, "गिऱ्हाईक इतकी हळद वापरणार नाही." आपलं माणूस, आणि हळद नाही! मी नमुने तसेच ठेवले.

मग अनयाला फोन लावला. लेक शिकागोला असते आणि तिला सगळ्यातलं सगळं कळतं. "बाबा, ओपन कॉन्सेप्ट इज सो ओव्हर! पीपल वाँट वॉल्स नाउ." उल्हासचं तोंड बघण्यासारखं झालं. मी मनातल्या मनात पेढे वाटले. एवढ्यात ती म्हणाली, "आई, व्हाय डोन्ट यू जस्ट गेट अ स्टेअरलिफ्ट?"

"आणि जिन्याला बोल्ट मारायचे?" उल्हास ओरडलाच.

मला ती जिन्यावरून वर सरकणारी खुर्ची नकोच आहे. खुर्चीत बसून वर गेले तरी चहा, दार, बाग, माणसं सगळी खालीच. वर काय, टबातल्या बॅगांशी गप्पा मारू?

१७ जून, मंगळवार

ग्रेगला पुढच्या मंगळवारी एकच प्लॅन पक्का सांगायचा आहे. नाहीतर तो दुसऱ्या कामाला लागेल आणि मग थंडीपर्यंत नाव नको.

आज सकाळी जिना बसून उतरले. एकेक पायरी, लहान मूल उतरतं तशी. उल्हास खाली उभा होता. त्याने पाहिलं. वर येऊन हात दिला. आणि म्हणाला काय, तर — "आपण मृणालिनीला विचारू."

मृणालिनी आमच्या मंडळातली, घरं विकून देते. तिचा शब्द म्हणजे साक्षात गिऱ्हाईकाचा शब्द! ती हॉलच म्हणणार. त्यालाही ठाऊक आहे, मलाही. बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. राग आला की मला रडूच येतं, काय करू.

२१ जून, शनिवार

मृणालिनी येऊन गेली. उल्हासने काल दिवसभर टूथब्रश घेऊन भिंतींच्या कडेच्या पट्ट्या घासल्या होत्या. दोन्ही प्लॅन टेबलावर पसरलेले, कोपऱ्यांवर वजनं.

ती आधी बाहेरच फिरली. कुंपण बघितलं, मागची झाडं बघितली, फोटो काढले. मग आत आली आणि दारातल्या बाकावरच टेकली.

"आतून बघ ना," उल्हास म्हणाला. "गॅस आत कधी फारसा वापरलेलाच नाही. भिंतींना एक भोक नाही."

"काका, ऑनेस्टली सांगू? त्याने काही फरक पडत नाही. या स्ट्रीटवर आता कोणी घर घेत नाही, लॉट घेतात, नुसती जमीन. बिल्डर येतो, आत पायसुद्धा टाकत नाही. टेअर-डाऊन, सरळ पाडून टाकायचं. मागचं नाही का पाडलं? त्याचं किचन दोन वर्षांपूर्वी रीमॉडेल केलेलं होतं, यार!"

"पण... भिंत ठेवावी की काढावी?"

"कसली भिंत, काका? बुलडोझरला काय कळणार आहे!" आणि माझ्याकडे वळून, "काकू, चहा मात्र घेईन हं."

चहा केला. ती गेल्यावर उल्हास किती तरी वेळ त्या बाकावर बसून होता, हातात टूथब्रश. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी ओव्हरकोटात तळत बसले, ते गिऱ्हाईक घर बघायलाही येणार नव्हतं.

२२ जून, रविवार

इंजिनिअरच तो! रात्रभरात नवीन हिशेब मांडून तयार. "पाडणारच असतील तर काहीच करायला नको. नो हॉल, नो बेडरूम. पैसे घालून उपयोग काय? ग्रेगला उद्या नाही म्हणून कळवतो."

म्हणजे गिऱ्हाईक मेलं तरी माझ्या डोक्यावर बसून!

मी ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्याने ओरडले नसेन. "घर पाडणार आहेत, मला नाही! मी अजून उभी आहे. एका पायावर असेन, पण उभी आहे. मला खाली झोपायचंय, आणि अंघोळ करायचीय!"

मग पलंगाखालून मोर काढला — वाकताना जीव गेला — आणि डायनिंग टेबलावर आणून ठेवला. तिथे जेवू दे मोराला गिऱ्हाईकाबरोबर. वर गेले. दार लावून घेतलं. दुपारी दाराशी वरणभात ठेवलेला होता. फोडणीचा वास घरातून येत होता, गॅरेजमधून नाही. कच्ची होती. खाल्ली.

२३ जून

ग्रेगला फोन केला की नाही, विचारलं नाही.

२४ जून, मंगळवार

ठोकण्याचा आवाज आला म्हणून जिना उतरले, बसून. डायनिंग रूममधलं टेबल नाही. ते पाय काढून गॅरेजमध्ये उभं केलंय. उल्हास भिंतीपाशी, एका हातात हातोडी, काखेत मोर. पहिला खिळा वाकडा गेला होता, खाली पांढरा भुगा. दुसरा त्याने तोंडात धरलेला. तो काढून म्हणाला, "इथे पलंगावरून दिसेल ना?"

मी म्हटलं, थोडा डावीकडे घे.