पूर्वी स्टार कोणाकडे राहील

मी, नाईक (निवृत्त) टिकाराम महागू कापगते, वय पंचाहत्तर, धंदा शेती, राहणार मौजा खैरटोली, तालुका व जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, तसे डॉक्टरांचे सर्टिफिकेट सोबत जोडले आहे. स्मरणशक्ती गरजेपेक्षा जास्त ठिकाणावर आहे, ते सर्टिफिकेट गावातला कोणीही देईल. माझ्यावर कोणाचा दाब नाही, मला कोणी भूल दिलेली नाही, आणि पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नाही. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही.

माझ्या वकील अॅड. तृप्ती हटवार यांनी दोन पानांचा नीटनेटका मसुदा आणला होता. मी त्यात भर घालू लागलो तशा त्या म्हणाल्या, "काकाजी, हे सारं मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटलं, "बाई, माही पदकं पन कोन्या रकान्यात बसत नोहोती. बसवाच लागते." मग त्यांनी बसवून दिले, त्याबद्दल त्यांचे आभार.

कलम १. मृत्युपत्राला उशीर का झाला. माझा मुलगा चंद्रकुमार नागपूरला असतो. तो गेली कित्येक वर्षे म्हणतो आहे की बाबा, कागद करून ठेवा. मी त्याला म्हणायचो, आधी माझ्या जगण्याचा कागद दुरुस्त होऊ दे, मग मरण्याचा करू. फौजेतून निघताना जवानाला एक पुस्तिका मिळते, तिला डिस्चार्ज बुक म्हणतात. नोकरी कुठे केली, कोणती लढाई पाहिली, कोणती पदके मिळाली, सारे त्यात असते. माझ्या पुस्तिकेत एकाहत्तरच्या लढाईच्या महिन्यांपुढे "रजा" लिहिले होते आणि पदकांपुढे "निरंक". या वर्षी ती नोंद दुरुस्त झाली. आता मी सुखाने मरायला मोकळा आहे, पण घाई नाही.

कलम २. डोंगा. माझा डोंगा, म्हणजे एका खोडातून कोरलेली आमची होडी, मी चंद्रकुमारला देतो. तो हसेल. पण आमच्या बांधी, म्हणजे धानाची शेते, तलावाच्या पलीकडे, म्हणून आमचे अर्धे आयुष्य डोंग्यावर गेले. डोंगा उभे राहून बांबूने रेटायचा असतो. त्यात बसतात ते पाहुणे आणि बकऱ्या.

एकाहत्तरच्या दिवाळीआधी आमच्या पलटणीत विचारणा झाली की पाणी कोणाला कळते. मी हात वर केला. मला दुसऱ्या एका पलटणीसोबत जोडून पूर्वेला पाठवले. डिसेंबरात पहाटे धुक्यात एक नदी ओलांडायची होती. आमची नाव प्रवाहाने तिरपी होऊन भलतीकडे जायला लागली. वल्ह्यांचे काही चालेना. मी बांबू घेतला आणि सवयीने उभा राहिलो. वरून गोळे पडत होते. लेफ्टनंट नेगी साहेब ओरडत होते, "बैठ जाओ! अरे, बैठ जाओ!" बसून बांबू कसा रेटतात हे साहेबांना कोण सांगणार? नाव सरळ झाली, काठाला लागली, आतला एकेक माणूस उतरला. मग गोळ्याचा तुकडा माझ्या कमरेत शिरला आणि मी पाण्यात पडलो. शहाणा माणूस बसला असता हे मला मान्य आहे. पण शहाण्या माणसाची नाव त्या दिवशी वाहून गेली असती.

चंद्रकुमारने हा डोंगा एकदा तरी उभा राहून तलावापलीकडे न्यावा. पडला तर पाणी छातीएवढेच आहे.

कलम ३. घर. खैरटोलीचे राहते घर, परसबाग आणि बँकेत जे काही असेल ते, माझी पत्नी मनकर्णाबाई हिच्या हयातीपर्यंत सर्वस्वी तिचे. बँकेत किती आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. तिच्यानंतर दोन्ही मुलांचे समान. या बाईशी माझे लग्न दोनदा झालेले आहे, त्यामुळे तिचा हक्क दुहेरी समजावा.

ते असे झाले. शेजारच्या गावच्या एका जवानाने मला पाण्यात पडताना पाहिले, वर येताना पाहिले नाही. त्याने घरी निरोप धाडला. मी शुद्धीवर येऊन दवाखान्यातून पत्र लिहवून घेतले, पण ते माझ्याही मागून गावात पोचले. तोवर घरच्यांनी माझी तेरवी उरकली होती. बायका बांगड्या फोडायला आल्या तेव्हा मनकर्णाने हात पदराखालून काढलाच नाही. म्हणाली, "पोहनारा मानूस पान्यात मरत नाही. थे येतीन." तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. उभ्या गावात एवढी एकच माझ्या बाजूने होती, आणि मी तिचा आयुष्यभर ऋणी आहे.

मी गावाजवळच्या शहापूरला बसमधून उतरून काठी टेकत घरी पोचलो, तर आई रडत रडत दारात आडवी झाली. ज्याची तेरवी झाली तो समोरच्या दाराने आत येत नाही, ही आमची रीत. मला मागच्या दाराने घेतले. नव्याने जन्मलेले मूल म्हणून सुपात बसवायचे होते. माझे पाय तेवढे सुपात मावले, बाकीचा मी बाहेर. आंघोळ घातली, नाव पुन्हा ठेवले, मनकर्णाला पुन्हा मंगळसूत्र बांधले. आणि मेलेल्याची वस्तू घरात राहू नये म्हणून माझी ट्रंक, वर्दी, बूट आणि दवाखान्याचे नि नेमणुकीचे सगळे कागद धोंडा बांधून तलावात सोडले. मी सुपातून बघत होतो. आईला मी कधी बोल लावला नाही, आजही लावत नाही. तिला लेक पाहिजे होता, कागद नव्हते.

पण मग झाली दोन्ही घरच्या पाहुण्याची गत. जुन्या पलटणीला वाटले, याची नोंद नवी करील. नवीला वाटले, जुनी करील. कागद तलावात, म्हणून मी पलटणीत हात हलवत परतलो. कोण्या कारकुनाने रिकामे महिने पाहून त्यात "रजा" भरून टाकली. हे मला कळले नोकरी संपल्यावर, पुस्तिका हातात पडली तेव्हा. मी अर्ज केला. उत्तर आले, नोंदीनुसार आपण रजेवर होता.

कलम ४. शेती. तलावाखालच्या बांधी दोन्ही मुलांना निम्म्या निम्म्या. धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, भांडू नये. त्या धुऱ्याला लागून सोमाजी लांजेवार यांची बांधी आहे आणि भांडणाचा कोटा आम्ही दोघांनी संपवलेला आहे.

सोमाजी माझ्या वर्गातला. सत्त्याण्णव साली तो सरपंच होता. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाली म्हणून पंधरा ऑगस्टला लढाईत गेलेल्या जवानांसाठी शाळेत खुर्च्या मांडल्या. मी इस्त्री करून गेलो. सोमाजीने पुस्तिका मागितली आणि लाऊडस्पीकरवर वाचली. "लढाईच्या काळात, रजा. पदके, निरंक." नंतर मला म्हणाला, "टिका, खुर्ची खाली कर. कागद बोलते, मी नाही बोलत." मी उठलो. त्या दिवसापासून गावात माझे नाव सुटीवाला फौजी पडले. पुढे कित्येक वर्षे मी जन गण मन बांधीत उभा राहून ऐकले. चंद्रकुमार तेव्हा कॉलेजात होता. त्याला लाज वाटली आणि तो म्हणाला, सोडून द्या. त्याचा मला राग नाही. आला होता, आता गेला.

कलम ५. पदके. पूर्वेच्या लढाईचा पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि जखमी जवानाला मिळणारे वुंड मेडल ही तिन्ही, दुरुस्त डिस्चार्ज बुकसह, माझी मुलगी दामिनी ऊर्फ गुड्डी हिला देतो. भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली आहे की मुलीला दिले म्हणजे पदक दुसऱ्याच्या घरी गेले. त्यांना माझे सांगणे आहे की ती ज्यांच्या घरी चालली आहेत, त्याच घराने ती आणली.

गुड्डी तुमसरला राइस मिलमध्ये हिशेब बघते. दोन वर्षांपूर्वी मी अंगणात घसरलो, एक्स-रे काढला, आणि डॉक्टर विचारू लागले, हे लोखंड कुठले? मला ते इतके सवयीचे की सांगायचे सुचले नव्हते. गुड्डी तो एक्स-रे घेऊन सैनिकांच्या कार्यालयात गेली. तिथल्या साहेबांनी तेच जुने उत्तर दाखवले. ती म्हणाली, "रजेवरच्या मानसाच्या कमरेत लोखंड कसं शिरलं, थे मले समजावून सांगा. मी बसून राहतो." आणि ती खरेच बसून राहिली. शेवटी साहेबांनीच वाट दाखवली की त्या वेळचा अधिकारी हयात असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र आणा.

तिने माजी सैनिकांच्या फोनवरच्या गटांत एक्स-रेचा फोटो टाकला आणि हिंदीत लिहिले की नावेत उभा राहिलेला जवान कोणाला आठवतो का. आठवडा गेला नाही तो डेहराडूनहून फोन आला. गुड्डीने तो माझ्या कानाला लावला. पलीकडून थकलेला आवाज म्हणाला, "टिकाराम? अब तो बैठ गया ना?" मी खाटेवरून ताडकन उठलो. "नहीं साहब, खडा हूं." गुड्डी मध्ये उभी राहून दोघांचे डोळे पुसू शकत नव्हती, म्हणून स्वतःचेच पुसत होती.

कर्नल नेगी साहेबांनी शपथेवर लिहून दिले. नाव कशी सरळ झाली, कोण उभा होता, ऑर्डर कशी मोडली, सारे. ऑर्डर मोडून एका नावेतल्या सगळ्यांचा जीव वाचवल्याबद्दल शिक्षा करायची त्यांची इच्छा नाही, असेही लिहिले. यंदा मार्चमध्ये दुरुस्ती आली. "रजा" खोडली गेली. जोडणीची नोकरी, नदीची लढाई, दवाखान्याचे महिने, सारे भरले गेले. मी भंडाऱ्याला पदके घेतली आणि ती लावूनच एसटीत बसलो. शहापूरपासून गावाने मला ट्रॅक्टरवर घेतले. मनकर्णा आरती घेऊन समोरच्या दारात उभी होती. म्हणाली, "या, आता पुढून या." असा दिवस मी दुसरा पाहिला नाही.

गुड्डीने पदके कपाटात कोंडू नयेत. आपल्या माणसाची पदके घरच्यांनी उजव्या छातीवर लावायची असतात. दर सव्वीस जानेवारीला तिने ती लावून शाळेत जावे, आणि खुर्चीवर बसावे.

कलम ६. देह. माझी तेरवी करू नये. ती एकदा झाली आहे आणि गावाने पोटभर जेवून घेतले आहे. मनकर्णाने फारच हट्ट धरला तर करावी, पण सोमाजीला पहिल्या पंगतीत बसवू नये, मागच्या वेळी त्याने दोनदा वाढून घेतले होते. अस्थी वैनगंगेत सोडाव्या. मात्र राख चाळून लोखंडाचा तुकडा वेगळा काढावा आणि पदकांच्या डबीत ठेवावा. आमच्या घराला पुरावे पाण्यात सोडायची खोड आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

कलम ७. सोमाजी लांजेवार यांना मी काहीही देत नाही. हे रागाने नाही. पदके आली त्या दिवशी तो ट्रॅक्टरमागे दिसला नाही. पुढच्या आठवड्यात आला, अंगणात उभा राहिला. म्हणाला, "माहा काय दोष? कागदच तसा होता."

मी म्हटलं, "कागद तसा होता. पन तू त मले वळखत होता ना, सोम्या?"

त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "आता काय पायजे तुले? माफी मागू?"

"माफी नोको. सही दे." ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितले होते. म्हणून त्याला काही न देता मी साक्षीला बोलावले आहे. तो काठी टेकत आला आहे आणि हे लिहीत असताना समोर बसून माझाच चहा पीत आहे.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले, मनकर्णाबाईलाही वाचून दाखवले. तिने सुपाची गोष्ट गाळायला सांगितली, ती मी गाळलेली नाही. काल सोळा डिसेंबर, म्हणजे आमच्या लढाईचा विजय दिवस होता आणि मला त्याच दिवशी सही करायची होती, पण वकीलबाई तुमसरला लग्नाला गेल्या होत्या. म्हणून आज करतो. दोन्ही साक्षीदारांच्या समोर, उभा राहून.

ठिकाण : खैरटोली, जिल्हा भंडारा
दिनांक : १७ डिसेंबर २०२५

(सही)
नाईक टिकाराम महागू कापगते
पूर्वी स्टार, संग्राम मेडल, वुंड मेडल

साक्षीदार
१. (सही) अॅड. तृप्ती हटवार, भंडारा

२. (सही) सोमाजी पांडुरंग लांजेवार, माजी सरपंच, खैरटोली

वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराने फक्त सही करायची. मी थोडे जास्त लिहितो. टिकाराम कापगते एकाहत्तरच्या लढाईत होता. रजेवर नव्हता. सरपंच असताना मी जे बोललो त्याच्या हे उलट आहे, आणि हेच खरे आहे. आम्ही दोघेही नसताना कोणी विचारले तर हा कागद दाखवावा.