तिसरा खिळा

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. 'सगळं ठीक आहे, तू जेवलीस का, घे, आईशी बोल' एवढ्यात आपलं बोलणं आटोपतं. मग आई निवांतपणे तुझ्या तक्रारी सांगते, त्यात तू तिचे केस ओढून विंचरतेस ही मुख्य. म्हणून आज लिहायलाच बसले. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. साइटला सुट्टी आहे, हाताला सिमेंट लागलेलं नाही, दारात ऊन आलं आहे. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. वाचताना मान हलवून 'ही आपली धांदरटच' म्हणायची तुला मुभा आहे. लहानपणी माझी एकच चप्पल सापडायची आणि दुसरी तू शोधून आणायचीस, तेव्हापासून तो मान तुझाच आहे.

तुला एवढंच ठाऊक आहे की मी एका बाळंतपणाच्या दवाखान्याच्या नव्या मजल्यावर फरशी बसवते आहे. पुढचं मी सांगितलेलंच नाही. आमच्या कामावर एक मुकादमकाका होते. कोणत्या खोलीत आधी वायरमन जाणार, मग प्लंबर, मग गवंडी, मी कधी, रंगारी कधी, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागद म्हणून त्यांच्याजवळ नसायचा. सकाळी जिन्यात उभे राहून ते एकेकाला हाक मारायचे आणि दिवस सुरू व्हायचा. एके दिवशी त्यांच्या छातीत कळ आली. जिवावरचं टळलं, पण डॉक्टरांनी कामाचं नावही काढायचं नाही म्हणून बजावलं, आणि काकूंनी त्यांचा फोन काढून घेतला. आम्ही फोन केला की काकू म्हणायच्या, "ते झोपलेत." सकाळी झोपलेत, दुपारी झोपलेत, संध्याकाळीही झोपलेत. मागून काकांचा आवाज यायचा, "अगं कोण आहे?"

त्यानंतर आमचं जे झालं त्याला काम म्हणायची सोय नव्हती. सगळे हुशार, सगळे कष्टाळू, आणि सगळे एकाच खोलीत. वायरमन तर असा घाईचा की त्याला आम्ही एक्स्प्रेस म्हणतो. त्याने प्लास्टर ओलं असताना भिंत फोडली. रंगारी आमचा शांत गडी, काहीही विचारलं की 'वाळू दे' म्हणतो, म्हणून त्याचं नावच वाळूदे पडलं आहे. त्याने खालच्या मजल्यावरचं छत इतकं सुरेख रंगवलं की ज्यांचा हा दवाखाना त्या डॉक्टरबाई मुद्दाम बघायला येणार होत्या. आणि त्याच सकाळी वरच्या न्हाणीघरातून पाणी झिरपून त्या छतावर परातीएवढा डाग उमटला. पाइपात पाणी भरून गळतीची तपासणी व्हायच्या आधीच त्यावर फरशी बसली होती. प्लंबरला वाटलं गवंड्याने तपासलं, गवंड्याला वाटलं मुकादमांनी सांगितलं असेल, आणि मला खोली मोकळी दिसली म्हणून मी कामाला लागले होते.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा वर नुसता आरडाओरडा चालला होता. त्या बाई आवाज चढवत नाहीत. त्यांनी एकदाच विचारलं, "इथे प्रमुख कोण आहे?" ताई, सुतार रंध्याकडे बघतोय, प्लंबर छताकडे, एक्स्प्रेस पहिल्यांदाच एका जागी उभा. आणि मला माझाच आवाज ऐकू आला, "मी आहे. आधी पाण्याचा कॉक बंद करा, भांडण संध्याकाळी करू." कोणी मला नेमलं नव्हतं. बाई गेल्यावर सुतार मोठ्याने हसला. म्हणाला, "आजवर फरशा बसवल्यात, आता आम्हालाही ओळीत बसवणार वाटतं!" सगळे हसले. मीही हसले. ज्या बाईला घराची किल्ली ठेवल्या जागी सापडत नाही, तिने अख्खा मजला अंगावर घेतला होता.

पहिले काही दिवस मी काय काय केलं ते ऐकून तुझी करमणूक होईल. मोठा कागद आणून त्यावर तक्ता काढला. तो दुसऱ्या दिवशी कोणीतरी सिमेंटच्या पोत्याखाली अंथरला. मग फोनवर लांबलचक निरोप बोलून पाठवले. प्लंबरने ते ऐकलेच नाहीत, आणि एक्स्प्रेसने दुप्पट वेगाने ऐकून अर्धेच कानात घेतले. माझ्या स्वतःच्या डोक्यात तर आठवडाबाजार भरला होता. हात कालवलेल्या सिमेंटमध्ये बुडालेला असताना आठवायचं की चुना संपलाय, आणि हात धुवेपर्यंत विसरायचं.

मग एकदा मी फुटक्या फरशीचे तुकडे गोळा करत होते. तुकडा हातात वजनदार लागतो, भिजला तरी बिघडत नाही, त्यावर रंग बसतो, भोक पाडता येतं. जिन्याच्या तोंडाशी एक जाड फळी ठोकली. प्रत्येक खोलीची एक ओळ, आणि ओळीत तीन खिळे. पहिल्या खिळ्यावर जे करायचं आहे ते, दुसऱ्यावर जे चाललं आहे ते, आणि तिसऱ्यावर जे अडलं आहे ते. प्रत्येक कामाचा एक तुकडा. प्लंबरचे निळे, वायरमनचे पिवळे, माझे लाल, म्हणजे कोणाला वाचता येवो न येवो, लांबूनही कळतं. काम पुरं झालं की तुकडा खालच्या बादलीत टाकायचा. खण्णकन आवाज येतो. त्या आवाजाची या मोठ्या माणसांना इतकी गोडी लागली की सांगता सोय नाही. नियम अगदी थोडे. प्लंबरचा निळा तुकडा बादलीत पडल्याशिवाय मी त्या खोलीत सिमेंटचं पोतं फोडणार नाही. कोणीही एका वेळी दोनाहून जास्त कामं हाती घेणार नाही, हा नियम खास एक्स्प्रेससाठी. आणि रोज सकाळी सगळ्यांनी फळीसमोर उभं राहून बोलायचं, बसायचं नाही, चहा नंतर. चहा नंतर ठेवल्यामुळे बोलणं कसं लांबत नाही ते तूच समज. माझ्या डोक्यासाठी मी वेगळी सोय केली. काम करताना जे आठवेल ते फोनला सांगून टाकायचं, आणि संध्याकाळी घरी जाण्याआधी ते सगळं ऐकून एकेका कामाचा तुकडा फळीवर टांगायचा. घरी जाताना डोकं रिकामं. ताई, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा रस्त्याने चालताना झाडं बघितली.

पण तिसरा खिळा कित्येक दिवस रिकामाच राहिला. 'अडलंय' म्हणायला कोणी तयार नाही. प्रत्येकाचं काम आपलं मस्त चाललेलं, आणि खोल्या मात्र तशाच अर्धवट. सुतार तर फळीकडे पाठ करून उभा राहायचा. "मी कामावर येतो, शाळेत नाही," म्हणायचा. मी त्याच्या मागे लागले नाही. त्याचे तुकडे मीच हलवत राहिले.

एका सकाळी मी आले तर तिसऱ्या खिळ्यावर तुकडा. प्रसूतीच्या खोलीच्या ओळीत, सुताराचा तपकिरी तुकडा, उलटा टांगलेला. सुतार लांब उभा राहून विडीची राख झटकत होता. म्हणाला, "लटकवलाय. आता काय बोलायचं ते बोला." झालं होतं असं की बाळंतिणींसाठी नव्या चाकाच्या खाटा आल्या होत्या. त्या खाली झाकून ठेवल्या होत्या, आणि त्याने सहज म्हणून टेप लावला. कठडे धरून खाट त्याच्या चौकटीतून जात नव्हती. चौकट नकाशाप्रमाणेच होती, चूक त्याची नव्हतीच. पण चौकट आपली आहे तर बोल आपल्यालाच लागणार, या धास्तीने तो माणूस आठवडाभर ते मनात घेऊन फिरत होता. रात्री झोप नव्हती म्हणे. मी एवढंच म्हटलं, "बरं झालं सांगितलंत." गवंड्याला हाक मारली, चौकट काढली, भिंत रुंद केली. माझी फरशी अजून बसायची होती, म्हणून सगळं विनासायास निभावलं. आम्ही खालून खाट आणून त्या दारातून आतबाहेर करून बघितली. सुताराने खाटेवर हात ठेवला आणि म्हणाला, "अडल्या बाईला दारात थांबावं लागलं असतं."

त्या दिवसानंतर तिसरा खिळा कधी रिकामा राहिला नाही. वाळूदेने टांगलं, एक्स्प्रेसने टांगलं, मीसुद्धा टांगलं. आणि ताई, खरं सांगते, त्या दिवशी त्या उलट्या तुकड्याकडे बघताना मला तू आठवलीस. आपल्या घरात अडलंय असं तू कधी म्हटलंसच नाही. बाबा गेले तेव्हा नाही, आईची डावी बाजू गेली तेव्हा नाही, भावोजी जहाजावर असताना पोर आजारी पडली तेव्हाही नाही. तुझं आपलं सगळं नेहमी 'चाललंय'.

मजला आता पुरा झाला आहे. परवा तिथे पहिलं बाळ जन्मलं. दवाखान्यातल्या आयाबाईंनी मला बोलावून दाखवलं, माझ्याच फरशीवर उभं राहून. फार रडकं आहे. डॉक्टरबाईंनी पुढच्या इमारतीचं काम मला द्यायचं ठरवलं, सगळं काम, नुसती फरशी नाही. मी हो म्हटलं, पण एक अट घातली. दुपारनंतर मी साइटवर नसेन. तेव्हा फळी सुतार बघणार. हो, तोच. आता तो इतरांना चहाआधी उभं करतो, आणि उशिरा येणाऱ्याकडे असा बघतो की मलाच वेळेवर जावं लागतं. मुकादमकाकाही परवा काकूंची नजर चुकवून येऊन गेले. फळीसमोर पुष्कळ वेळ उभे राहिले, बादलीत एक तुकडा टाकून बघितला, आणि म्हणाले, "आवाज छान येतो."

दुपारनंतर मी साइटवर का नसेन, ते आता सांगते. तुझ्या लेकीचा मला फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, तिने रडत रडत सांगितलं आणि तुला सांगू नकोस म्हणाली, पण मी सांगणारच आहे. तुझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली होती आणि तू ती पुन्हा पुढे ढकललीस. डॉक्टर म्हणाले की आता थांबलात तर हा डोळा हाती लागणार नाही. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि तू म्हणालीस, "मग आईला कोण उचलणार?" ताई, मी उचलणार. नुसतं म्हणत नाही, शिकले आहे. आयाबाईंनी शिकवलं. वाळूदे चार दिवस रोज दुपारी माझ्या पलंगावर आई होऊन पडला. डावा हात लुळा सोडायचा, 'अगं हळू, अगं मेले' करून कण्हायचा, आणि मी त्याला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीघरात नेलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही जमिनीवर होतो. चौथ्या दिवशी त्याला खुर्चीतच डुलकी लागली. माझं घर तळमजल्यावर आहे, पायरी नाही. सुताराने दार रुंद करून दिलं, प्लंबरने नळ खुर्चीच्या उंचीला आणला, न्हाणीघरात मी खरखरीत फरशी बसवली आहे आणि भिंतीला धरायला दांडा, ज्याला मी स्वतः लोंबकळून बघितलं. सकाळी मी कामावर असेन तेव्हा आयाबाई असतील. त्या याच आठवड्यात निवृत्त होताहेत आणि घरी बसायच्या कल्पनेनेच कंटाळल्या आहेत. आई त्यांच्याशी भांडेल, त्याही भांडतील, दोघींचा वेळ छान जाईल.

शस्त्रक्रियेची नवी तारीख तुझ्या लेकीने घेतली आहे. तुझ्याजवळ ती राहील. रविवारी सकाळी मी प्लंबरची गाडी घेऊन येते. मागचं बाक काढून आईची खुर्ची आत बसते, मापून बघितलं आहे. आईला मी सांगितलेलं नाही, ते तू सांग, तुझं ती ऐकते. तिचे कपडे, औषधं आणि ती दोन्ही कुशींना घेते त्या उशा काढून ठेव. तू काही वाकून भरू नकोस, पिशव्या मी भरेन. 'बघू', 'कशाला', 'तुला जमायचं नाही' हे सगळं मी या पत्रात आधीच ऐकून घेतलं आहे, त्यामुळे त्यासाठी फोन करू नकोस. फोन केलासच, तर मला एवढंच सांग की रात्री आई दचकून उठते तेव्हा तू तिला काय म्हणतेस. ते मला कोणी शिकवू शकलं नाही.

तुझ्या पाठीला पाठ लावून आलेली,
तुझीच,
धाकटी