पत्र्यावरची ओली पोती

मंगळवार, एप्रिल. आकुर्डी.

ती ओली पोती डोळ्यांपुढून हलत नाहीत.

कुरुळीतल्या कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या छताला पांढरा रंग दिल्यावर किती थंड राहतात, यावर माझं संशोधन. दर मंगळवारी दुपारी जाऊन खोलीतलं तापमान मोजते. आकडे इतके छान येत होते की सर म्हणाले, आता निष्कर्ष लिहायला घे.

आज आधीची बस मिळाली, लवकर पोचले. ज्यांच्या खोलीत मोजते त्या मंदाताई शिडीवर चढून पत्र्यावर ओली पोती पसरत होत्या. मला बघून ओशाळल्या.

"तुम्ही यायच्या आत काढून ठेवते मी. इतक्या उन्हाचं येता, पाव्हण्याला भट्टीत कसं बसवावं?"

म्हणजे दर मंगळवारी हेच. मी रंग मोजतेय असं समजत होते, आणि मोजत होते पाहुणचार. दारात नेहमी ओल असायची. मला कधी विचारावंसं का वाटलं नाही?

सरांना फोन केला. म्हणाले, "एवढं कोण बघतंय?" मी बघितलंय ना, ती पोती, पाणी ठिबकत असलेली. जुने आकडे बाद. उन्हाळा अजून आहे, सगळं पहिल्यापासून मोजणार.

निघताना मंदाताईंना सांगितलं, पोती टाकू नका, मी आता रोज येणार.

त्या काळजीत पडल्या. "मग तुम्ही बसणार कुठं?"

"तुम्ही बसता तिथंच."